फुटली तरच कामाची!

पुण्यात कुणी 'तू मूळची कुठली गं?' विचारलं आणि मी 'नगर' म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. एक तर 'अच्छा, शिर्डीच्या वाटेवर!' किंवा मग 'तिकडे रणगाडे असतात ना?' हो बाबा, असतात. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडातून 'नगर' काही सुटत नाही आणि नगरातून रणगाडे काही सुटत नाहीत. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथलं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथलं, डीआरडीओची वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई पण इथलीच. शिवाय खारे कर्जुने गावावरून नाव पडलेली के. के. रेंज. तिथे सराव चालू असला की लांबवर 'धडाम' होतं आणि पाहुणे दचकतात. आम्ही चहाचा पुढचा घोट घेतो.

त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपचा वीकएन्डचा प्लॅन निघाला, की माझ्याकडून एकच ऑफर असते: कॅव्हलरी टँक म्युझियम. खराडीहून नगर रोडला लागायचं, ट्रॅफिकला शिव्या घालत तीनेक तासांत पोचायचं. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम म्हणजे नगरचं खास शोपीस. मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, आपला आवडीत बनलेला विजयंता आणि १९६५ च्या युद्धाची आठवण असलेला पॅटन. पॅटनसमोर फोटो हा मस्ट. आमच्या टीममधल्या पोरांनी तिथे उभं राहून अक्षरशः गर्लफ्रेंडसारखं त्याच्या पोलादाला कवटाळलं होतं!

तिथे फिरताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसते. संरक्षण म्हणजे जाडी, आणि जाडी म्हणजे वजन. दुसऱ्या महायुद्धातल्या चर्चिल मार्क ७ चं पुढचं पोलाद १५२ मिलिमीटर होतं. रणगाड्यांची ती पिढी पोलादाच्याच भरवशावर लढली. आणि तो भरवसा नेहमी पुरा पडला, असं नाही. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनवर गोळा बसला, आग लागली, तरी ते लढत राहिले. पुढच्या आघातात ते शहीद झाले. मरणोत्तर परमवीर चक्र. वय २१. त्यांचा तो 'फामागुस्ता' रणगाडा नगरलाच आर्मर्ड कोर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. आमच्या टीममधला सगळ्यात लहान फ्रेशर २२ चा आहे. एवढंच सांगते.

पण हा लेख पोलादाचा नाही. हा लेख फरशीचा आहे. आणि त्याचं श्रेय माझ्या मामीला!

माझा मामेभाऊ फौजेत आहे. पारनेर तालुक्यात हे काही विशेष नाही, दर दोन-चार घरांआड एक फौजी सापडतो. मागच्या वेळी दादा सुट्टीवर आला तेव्हा मी पण दोन दिवस टाकून गावी गेले. रात्री ओट्यावर गप्पा रंगल्या आणि विषय निघाला बुलेटप्रूफ जॅकेटचा. दादा म्हणाला, ''आई, आत कापड असतंय, पण रायफलची गोळी थोपवती ती प्लेट. आणि ती लोखंडाची नाही, सिरॅमिकची. लई जपावी लागती. जोरात आपटली तर चीर जाती.''

मामीनं बाकी सगळं सोडलं आणि एकच शब्द पकडला. ''चीर? म्हणजे आपल्या मोरीतल्या फरशीवानी?''

''तशीच. पण भारीतली,'' दादा हसत म्हणाला आणि झोपायला गेला.

मामी नाही हसली. भांडी आवरताना मला हळूच विचारलं, ''तू इंजिनेर ना गं? खरं सांग. जी आपटली तरी फुटती, ती माझ्या पोराला काय वाचवणार?''

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये बसलेली मुलगी. (हसू नका, तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये पण एक असेल.) 'काळजी करू नको गं' म्हणून विषय मिटवता आला असता. पण तो प्रश्न भाबडा नव्हता, एकदम नेमका होता. मी म्हटलं, ''मामी, नीट वाचते आणि सांगते.'' पुढचे काही आठवडे रात्री वेब सीरिजऐवजी हेच वाचत होते. मला जे कळलं ते असं.

आधी शत्रू ओळखूया. एके-४७ ची गोळी साधारण आठ ग्रॅमची असते, आणि सुटताना तिचा वेग सेकंदाला सातशे मीटरच्या वर असतो. हिशेब केला तर ऊर्जा येते सुमारे २००० ज्यूल. म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी चार मीटरवरून खाली पडली तर जेवढी, तेवढी. फरक इतकाच, की गोणी आख्ख्या बुडावर आपटते आणि गोळी नखाएवढ्या जागेवर. सगळी गंमत (आणि सगळा घात) त्या नखाएवढ्या जागेत आहे. पिस्तुलाची गोळी मऊ आणि हळू असते, तिला केवलारसारखं विणलेलं कापड जाळ्यासारखं पकडू शकतं. रायफलची गोळी ते जाळं सरळ भोसकून जाते, कारण ती खूप वेगवान असते, आणि तिच्या पोटात अनेकदा पोलादाचा गाभाही असतो.

मग करायचं काय? तिचं टोकच मोडायचं.

इथे फरशी एन्ट्री घेते. अर्थात ही मोरीतली फरशी नाही. ही तीन नावं ऐका: अॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड आणि बोरॉन कार्बाइड. नावं परकी वाटली तरी मंडळी ओळखीची आहेत. अॅल्युमिना म्हणजे आपला कुरुंद! धार लावायच्या दगडात असतो तोच. इंग्रजी 'कोरंडम' हा शब्दसुद्धा आपल्याकडूनच, तमिळमधून तिकडे गेलाय. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे रंगारी वापरतो त्या काळ्या पॉलिश पेपरवरची पूड. जे पोलादाला घासून झिजवतं, ते पोलादापेक्षा कठीण असणारच की. ही सिरॅमिक्स गोळीतल्या पोलादी गाभ्याच्या दुप्पट ते चौपट कठीण असतात. बोरॉन कार्बाइड तर हिरा आणि एखाद-दोन पदार्थ सोडले तर सगळ्यांच्या वर.

गोळी प्लेटवर आदळते तेव्हा काय होतं, ते स्लो मोशनमध्ये बघूया.

सीन पहिला. गोळीचं टोक आपल्यापेक्षा कठीण भिंतीवर आपटतं आणि चेपतं, फुटतं. काही क्षण तर ती आत शिरतच नाही, पृष्ठभागावरच चिखलासारखी बाजूला पसरते. 'क्षण' म्हणजे सेकंदाचे काही दशलक्षांश हं! पण तेवढ्यात टोकदार सुईचा बोथट ठोकळा झालेला असतो.

सीन दुसरा. आघाताची लाट सिरॅमिकमधून सेकंदाला जवळजवळ दहा किलोमीटरने धावते. आठ मिलिमीटरची प्लेट ती एका मायक्रोसेकंदाच्या आत पार करते. गोळी तोवर अर्धा मिलिमीटर सरकलेली असते, बस्स. लाट मागच्या बाजूवर आपटून परत फिरते, आणि परत फिरताना दाबाची ताण होते. आता सिरॅमिकचा स्वभाव बघा. दाबा, तर पहाडासारखं भक्कम. ताणा, तर एकदम कच्चं. म्हणून ते तडकतं. हीच मामीची चीर! पण ती चीर सैरावैरा जात नाही. गोळीच्या टोकापासून मागे शंकूसारखी पसरते, अगदी उलट्या नरसाळ्यासारखी. म्हणजे पुढे नखाएवढ्या जागेवर आलेला भार मागे तळहाताएवढ्या जागेवर वाटला जातो. गोळीची सगळी दादागिरी तिच्या टोकात होती, तीच इथे संपते.

सीन तिसरा. फुटलेल्या सिरॅमिकचा चुरा पळून जात नाही. आजूबाजूची प्लेट आणि मागचा थर त्याला दाबून धरतात. आता गोळीला त्या पॉलिश पेपरच्या पुडीतून वाट काढावी लागते, आणि ती झिजत जाते.

सीन शेवटचा. गोळीचं जे काही उरलं असेल, ते बोथट आणि मंद झालेलं, मागच्या पॉलिमरच्या थरात येऊन अडकतं. मागचा थर म्हणजे विकेटकीपर. पुढे बॉलची हवा काढली गेली म्हणूनच कॅच पकडता येतो. नुसता कीपर उभा करून चालत नाही, आणि कीपरशिवाय नुसत्या फरशीचाही उपयोग नाही.

थोडक्यात, मामी, ती फुटते हा तिचा दोष नाही. तेच तिचं काम आहे.

ही आयडिया तशी जुनी आहे. १९१८ मध्ये नेव्हिल मन्रो हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन मेजरच्या लक्षात आलं, की पोलादी पत्र्यावर दीडेक मिलिमीटर इनॅमलचा थर दिला तर गोळीला होणारा विरोध खूप वाढतो. इनॅमल म्हणजे आजीच्या काळच्या पांढऱ्या मगवरचा मुलामा असतो ना, तोच प्रकार! पुढे व्हिएतनाम युद्धात १९६५ च्या सुमाराला हेलिकॉप्टरच्या वैमानिकांच्या सीटला आणि छातीवर सिरॅमिकच्या प्लेट्स आल्या. कारण उघड होतं. पोलाद बसवलं असतं तर हेलिकॉप्टर उडालंच नसतं. रणगाड्यांसाठी ब्रिटनने चोबम इथे १९६० च्या दशकात असं मिश्र कवच तयार केलं आणि १९७६ मध्ये जगाला दाखवलं. आपल्या अर्जुन रणगाड्याचं 'कांचन' कवच हैदराबादच्या डीएमआरएल या संस्थेने बनवलं. नाव कांचनबाग या तिथल्या भागावरून. पोलादाच्या पत्र्यांमध्ये सिरॅमिकचे थर, इतकं सगळ्यांना माहीत आहे. पुढची रेसिपी गुपित, आणि ती तशीच राहू दे.

आता कळीचा मुद्दा: वजन. हा मुद्दा मला पुस्तकांच्या आधी दादाने सांगितला होता. ''उन्हात चढ चढताना एकेक किलो कळतो. जड असलं की माणूस हळू होतो. हळू झाला की दिसतो.'' मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. छातीवरची प्लेट २५ बाय ३० सेंटिमीटरची धरा, जाडी आठ मिलिमीटर. पोलादाची केली तर ४.७ किलो. कुरुंदाची केली तर २.३ किलो. बोरॉन कार्बाइडची केली तर दीड किलो! मागच्या थराचं वजन वेगळं, पण तरी फरक बघा. आणि अशी प्लेट पुढे एक, मागे एक. आपण ऑफिसला जाताना लॅपटॉपची बॅग जड झाली म्हणून कुरकुरतो, तेव्हा हा हिशेब आठवायला हरकत नाही.

मग सगळ्यांना बोरॉन कार्बाइडच का देत नाहीत? एक कारण पैसा. त्याची पूड दोन हजार अंशांच्या आसपास तापवून, वरून दाब देऊन घट्ट करावी लागते. कुंभाराच्या भट्टीची ही नातेवाईकच, पण नखरे फार. आत बारीकशी पोकळी राहिली तरी तिथूनच तडा जाणार. दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं. फार वेगवान आघाताखाली बोरॉन कार्बाइडच्या आतल्या अणूंची शिस्तबद्ध रचना अतिसूक्ष्म पट्ट्यांमध्ये विस्कटते आणि ते अचानक दुबळं पडतं. म्हणजे वर्गातला टॉपर एका ठरावीक प्रेशरच्या पुढे ब्लँक होतो! त्यामुळे समोर कुठली गोळी येणार, त्यावर फरशी ठरते. सगळ्यात कठीण ती सगळ्यात चांगली, असं समीकरण नाही.

आपल्याकडे यावर बरंच काम झालंय. ट्रॉम्बेच्या बीएआरसीमधून 'भाभा कवच' आलं, तेही बोरॉन कार्बाइडचं. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने सिरॅमिकची अखंड प्लेट आणि मागे पॉलिमर असं हलकं जॅकेट जाहीर केलं, स्नायपरच्या चिलखतभेदी गोळ्यांसाठी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी दिल्लीबरोबरचं 'अभेद' आलं, किमान वजन ८.२ किलो. जॅकेटसाठी भारतीय मानकही आहे, २०१८ चं. कुठली गोळी आणि किती कडक चाचणी, हे त्यात लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं असणं किती महत्त्वाचं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जॅकेट आणि हेल्मेट चढवणारे हेमंत करकरे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्या रात्री ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले. नंतर कितीतरी दिवस घराघरात जॅकेटचीच चर्चा होती. तेव्हा सगळं राज्य मामीचाच प्रश्न विचारत होतं.

म्हणून उत्तरातला कडू भागही सांगायला हवा. प्लेट छातीवर असते. मान, काख, हात, पाय उघडेच राहतात. प्लेटने गोळी थांबवली तरी धक्का थांबत नाही. मागची बाजू आत दबते, बरगडी मोडू शकते. अमेरिकी चाचणीत मागे ठेवलेल्या मातीत जास्तीत जास्त ४४ मिलिमीटर खड्डा चालतो. ४४ मिलिमीटर! पट्टी घेऊन छातीवर लावून बघा. आणि सगळ्यात मोठी अडचण: जिथे एक गोळी बसली तिथे फरशीचा चुरा झालेला असतो. दुसरी गोळी बरोबर तिथेच आली तर? म्हणून काही ठिकाणी एका मोठ्या प्लेटऐवजी छोट्या षटकोनी फरशा शेजारी शेजारी बसवतात. एक फुटली तरी शेजारीण शाबूत.

नगरच्या माणसाला इथे चांदबीबी आठवलीच पाहिजे. १५९५-९६ च्या वेढ्यात मुघलांनी सुरुंग लावून किल्ल्याच्या तटाला भगदाड पाडलं आणि तिनं ते रातोरात बुजवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तट पुन्हा उभा. फरशीला ही सोय नाही. तिच्यासाठी रात्र नसते, गवंडी नसतो. एकदा कामी आली की संपली. बदलायचीच.

हे सगळं घेऊन मी मामीकडे गेले. अणू, लाट, शंकू सगळं सांगितलं. वाटीत पीठ घेऊन नरसाळं पण करून दाखवलं. मामीनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, ''आगं, घरात कप फुटला की म्हातारी माणसं काय म्हणायची? येणारं संकट कपावर गेलं. तसंच की हे. जिवावरचं फरशीवर निभावलं.''

मी दोन मिनिटं गप्प. इतक्या रात्री जागून वाचलेलं तिनं एका वाक्यात बसवलं होतं! फक्त एक फरक मी तिला सांगितला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कप फुटतो तो नशिबाने. ही प्लेट मात्र कुणीतरी नीट विचार करून फुटायला बनवलेली असते. कुणी तिची पूड चाळलेली असते, कुणी भट्टीचं तापमान सांभाळलेलं असतं, कुणी त्याच लॉटमधली प्लेट घेऊन तिच्यावर गोळ्या झाडून पाहिलेल्या असतात. यातल्या एकाने जरी 'चलता है' केलं, तर किंमत मोजणारा तिसराच असतो. आपण ऑफिसात टेस्टिंगला कंटाळतो, तेव्हा आपल्या बगमुळे फार तर एखादं पेज हँग होतं.

''आणि ती आधीच चिरलेली असली तर?'' मामीचा पुढचा प्रश्न. बघा, तिला क्यूए टीममध्ये घ्यायला हवं! चीर बारीक असली तर वरच्या कव्हरमुळे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अशा प्लेट्सचा माणसासारखा एक्स-रे काढून तपासणी करता येते. ''पण मुळात आपटू नये, हेच बरं,'' मी म्हटलं.

एवढं तिला पुरेसं होतं. आता दादाचा फोन आला की मामी आधी विचारते, ''जेवलास का?'' मग पाऊसपाणी, मग म्हशीची खबर. आणि फोन ठेवताना न चुकता बजावते, ''ती फरशी आपटू नको रे बाबा.''